वकिलीची सुरुवात करताना पुढील शिक्षण आणि कामाच्या जागेची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याची पदवी हाती आली की दोन निर्णय एकदमच समोर येतात: आणखी शिकावे की कामाला लागावे, आणि कामाला लागायचे तर कोणाकडे. पहिल्या निर्णयावर विद्यार्थी महिनोन्‌महिने चर्चा करतात. दुसरा मात्र बहुतेक वेळा ओळखीतून, घाईत, एखाद्या फोनवर उरकला जातो. माझ्या मते दुसऱ्या निर्णयाला निदान तेवढाच वेळ द्यायला हवा, कारण पहिली दोन-तीन वर्षे ज्यांच्या हाताखाली जातात, त्यांच्याकडूनच कामाची पद्धत अंगवळणी पडते आणि ती पुढे सहसा बदलत नाही. खालील उत्तरे महाराष्ट्र आणि गोव्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

एलएल.बी. झाल्यावर लगेच एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करावे का?

न्यायालयात वकिली करण्यासाठी एलएल.बी. पुरेशी आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळण्यासाठी पदव्युत्तर पदवीची अट नाही, आणि युक्तिवादाला उभे राहिल्यावर न्यायाधीश किंवा पक्षकार तिची चौकशीही करत नाहीत. त्यामुळे एलएल.एम. चांगले की वाईट, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. मला जे काम करायचे आहे त्यासाठी ही पदवी आवश्यक आहे का, आणि नसेल तर तिच्यातून असे काय मिळेल जे चांगल्या सिनियरकडे बसून मिळणार नाही, हे विचारावे.

पुष्कळ विद्यार्थी एलएल.एम.ला जातात ते मनाजोगी नोकरी मिळाली नाही म्हणून, किंवा एखाद्या परीक्षेची तयारी चालू असताना 'काहीतरी चालू असावे' म्हणून. यात गैर काही नाही, परंतु तो निर्णय शिक्षणाचा नसून पुढे ढकलण्याचा आहे, हे स्वतःशी स्पष्ट असावे. याउलट दोन-तीन वर्षे काम केल्यानंतर जे परत वर्गात जातात, त्यांचे वाचन निराळे होते. ज्याने दाव्यातील निशाणी ५ चा, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला एखाद्या कृतीपासून रोखण्याचा, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज स्वतः लिहिला आहे, त्यावर समोरच्या वकिलाचे म्हणणे ऐकले आहे आणि तो नामंजूर होताना पाहिला आहे, तो मनाई हुकमांवरील निकाल वाचताना प्रत्येक परिच्छेदाशी स्वतःचा प्रश्न घेऊन येतो. म्हणूनच, पदवी ही अटच नसेल तर आधी काम आणि मग एलएल.एम., असा क्रम मी बहुतेकांना सुचवतो.

मग एलएल.एम. नेमके कोणासाठी आवश्यक आहे?

अध्यापनाकडे वळणाऱ्यांसाठी ते निर्विवाद आवश्यक आहे. विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी साधारणपणे किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, तसेच नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ज्यांना शिकवण्याची आणि संशोधनाची खरी ओढ आहे, त्यांनी वकिलीच्या अनुभवाची वाट पाहत ही पात्रता लांबवण्याचे कारण नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली एक वर्षाच्या एलएल.एम.ची मार्गदर्शक तत्त्वे आणल्यापासून राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एक वर्षाचा अभ्यासक्रम रुळला आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विधी विद्यापीठांत क्लॅट या सामाईक प्रवेश परीक्षेच्या पदव्युत्तर परीक्षेतून प्रवेश मिळतो. अनेक पारंपरिक विद्यापीठांतील अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. हा फरक केवळ एका वर्षाच्या शुल्काचा नाही. एका वर्षात वर्ग, परीक्षा आणि शोधनिबंध इतके दाटीने येतात की त्याच काळात न्यायालयात नियमित जाणे जवळजवळ अशक्य होते.

मला न्यायाधीश व्हायचे आहे. आधी परीक्षा, आधी एलएल.एम. की आधी वकिली?

या प्रश्नाचे उत्तर २० मे २०२५ रोजी बदलले. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशन प्रकरणातील निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. हा काळ वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे, आणि न्यायाधीशांकडे विधी लिपिक (संशोधनात मदत करणारा सहायक) म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. अनुभवाचे प्रमाणपत्र किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने द्यायचे असून त्यावर त्या न्यायालयाच्या किंवा जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दुजोरा लागतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की पदवीनंतर लगेच पुण्याच्या एखाद्या अभ्यासिकेत बसून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करायची, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ आता पुरेसा राहिलेला नाही. सनद लवकर घ्यावी आणि न्यायालयात खरोखर जावे. नावापुरते एखाद्या वकिलांकडे नाव लावून अभ्यासिकेतच दिवस काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला अनुचित वाटतो. प्रमाणपत्र देणाऱ्याला त्यात खोटे लिहावे लागते हे एक झालेच, शिवाय ही अट ज्या हेतूने आली तो हेतूही त्यात बुडतो: न्यायासनावर बसणाऱ्याने पक्षकार, कारकून, पोलीस आणि वकील यांच्यामध्ये काही काळ उभे राहून पाहिलेले असावे. पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवावी. त्यात तारीख, न्यायालय, प्रकरणाचा क्रमांक आणि त्या दिवशी आपण केलेले काम लिहावे. प्रमाणपत्राच्या वेळी ती उपयोगी पडते आणि तोंडी परीक्षेच्या तयारीलाही तिच्याइतके चांगले साधन नाही.

पूर्णवेळ एलएल.एम.चे वर्ष या तीन वर्षांत मोजले जाईल असे गृहीत धरून नियोजन करू नये.

परदेशात एलएल.एम. करणे कितपत फायद्याचे?

आंतरराष्ट्रीय लवाद, स्पर्धा कायदा, कर, नौकानयन यांसारख्या विषयांत आणि मोठ्या फर्ममध्ये त्याला वजन आहे. जिल्हा न्यायालयात वकिली करायची असेल तर त्या पदवीचा खर्च व्यवसायातून भरून निघण्यास फार वेळ लागतो, आणि कर्जाचे हप्ते मात्र लगेच सुरू होतात. परदेशी पदवी मिळाली म्हणजे तिथे वकिली करण्याची परवानगी मिळाली, असेही नाही. प्रत्येक देशाची पात्रता परीक्षा वेगळी आहे.

पैशांचा विचार आधी करावा. मुंबईतील जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही १८९२ सालापासूनची संस्था गुणवत्तेवर कर्जरूप शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे तिथेही आधी काम करणाऱ्याचाच अर्ज विचारात घेतला जातो.

एलएल.एम.शिवाय कोणत्या शिक्षणाचा उपयोग होतो?

मुंबईत ज्यांना मालमत्ता, कंपनी किंवा व्यापारी स्वरूपाचे काम करायचे आहे, त्यांनी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या सॉलिसिटर परीक्षेचा जरूर विचार करावा. त्यासाठी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. परीक्षा कठीण मानली जाते, पण काम आणि अभ्यास एकमेकांत इतके गुंफलेले दुसरे शिक्षण आपल्याकडे क्वचितच आढळेल. कंपनी सचिवाची पात्रता एलएल.बी.ला चांगली जोड देते. कामगार न्यायालयात काम करणाऱ्यांना कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका, तर कराच्या कामासाठी कर कायद्याची पदविका उपयोगी पडते. पेटंट एजंटची परीक्षा देण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते; त्यामुळे बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला आलेल्यांनी आपली जुनी पदवी वाया गेली असे मानू नये.

सिनियरचे चेंबर, फर्म आणि कंपनी यांतील वातावरणात काय फरक असतो?

तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील सिनियरकडे काम बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहण्यापासून सुरू होते. कोणत्या कोर्टात कोणते प्रकरण, पुकारा केव्हा होईल, कुठे मुदतीचा अर्ज द्यायचा, कुठे नक्कल मागायची, हे सारे ज्युनिअरकडे असते. पक्षकार थेट समोर बसतात, सातबारा आणि फेरफाराचे कागद पसरतात आणि कायदा माणसांच्या भांडणातून कसा उगवतो ते दिसते. उलटतपासणी पाहायला मिळते. उणीव अशी की शिकवणे पूर्णपणे सिनियरच्या स्वभावावर आणि सवडीवर अवलंबून असते. लेखी करार नसतो, सुट्टीचा नियम नसतो आणि मोबदल्याचा विषय निघतच नाही.

मुंबईत उच्च न्यायालयातील कौन्सेलच्या (युक्तिवाद करणाऱ्या वकिलाच्या) चेंबरमध्ये दिवस दोन भागांत जातो: सकाळपासून कोर्ट आणि सायंकाळी सॉलिसिटर व पक्षकारांबरोबरच्या कॉन्फरन्स. संशोधनाची आणि मसुद्याची शिस्त इथे उत्तम लागते. पण स्वतः उभे राहून बोलण्याची संधी उशिरा येते.

फर्ममध्ये दरमहा ठरलेली रक्कम मिळते, काम टीममध्ये चालते, प्रत्येक कामाचे तास टाइमशीटमध्ये भरावे लागतात आणि व्यवहार पूर्ण होण्याच्या आठवड्यांत रात्री उशिरापर्यंत थांबणे गृहीत धरले जाते. अनेक फर्म ज्युनिअरना नोकर म्हणून न घेता रिटेनरवर घेतात. म्हणजे हाती येणारी रक्कम व्यावसायिक शुल्क असते, त्यातून कर कापला जातो, आणि भविष्य निर्वाह निधी किंवा अपत्यजन्माची रजा यांसारखे हक्क आपोआप मिळत नाहीत. करारपत्रात जे लिहिले असेल तेच मिळते. ते करारपत्र, कायदा शिकलेली मुलेसुद्धा, न वाचता सही करतात याचे मला फार वाईट वाटते.

कंपनीच्या विधी विभागात वेळ आणि पगार सर्वांत नियमित असतो. परंतु वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे नोकरीच्या काळात सनद स्थगित ठेवावी लागते. पुढे न्यायाधीशपदाचा विचार असेल तर ही वर्षे वकिलीच्या अनुभवात धरली जाणार नाहीत, हे आजच लक्षात घ्यावे.

सिनियरना स्टायपेंडबद्दल विचारणे शोभते का?

शोभते, आणि विचारावेच. 'आम्ही आमच्या सिनियरकडे एक पैसा न घेता शिकलो' हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, पण ज्याच्या घरून भाडे आणि जेवणाचा खर्च येऊ शकतो तोच असे शिकू शकतो. या प्रथेमुळे शेतकरी, मजूर आणि लहान नोकरदार घरांतील किती हुशार मुले-मुली पहिल्याच वर्षी वकिली सोडतात, याचा विचार व्यवसायाने फार उशिरा सुरू केला. भारतीय विधिज्ञ परिषदेने १५ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये ज्युनिअरना द्यावेत, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि लहान गावातील सिनियरचे स्वतःचे उत्पन्नही मर्यादित असते, हे मान्य करूनही बोलणे सुरू करायला तो एक अधिकृत आधार आहे. रक्कम देणे खरोखरच शक्य नसेल तर स्वतःची प्रकरणे घेण्याची मोकळीक, प्रवासखर्च आणि ग्रंथालयाचा वापर तरी स्पष्ट ठरवून घ्यावा.

रुजू होण्यापूर्वी कामाची जागा कशी पारखावी?

सर्वांत भरवशाची माहिती तिथून बाहेर पडलेल्यांकडून मिळते. गेल्या तीन-चार वर्षांत त्या चेंबरमधून किंवा टीममधून कोण गेले, किती महिन्यांनी गेले आणि आज काय करत आहेत, हे शोधावे. चांगल्या सिनियरचे जुने ज्युनिअर स्वतःच्या पायावर उभे असतात आणि अडचण आली की अजूनही त्यांच्याकडे येऊन बसतात. जिथून सगळेच वर्षाच्या आत गेले आहेत, तिथे कितीही मोठे नाव असले तरी थांबून विचार करावा.

त्यानंतर, रुजू व्हायला थोडा उशीर झाला तरी चालेल, पण आठवडाभर त्या सिनियरांचे काम कोर्टात मागे बसून पाहावे. न्यायालये खुली असतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ते कोर्टाच्या कारकुनाशी आणि बेलिफाशी कसे बोलतात, ज्युनिअरकडून एखादा कागद राहिला तर सर्वांसमोर काय म्हणतात, समोरच्या नवख्या वकिलाला कसे वागवतात, पक्षकाराला खरी परिस्थिती सांगतात की नुसती आशा दाखवतात, हे चार-पाच दिवसांत कळते. मुलाखतीत कोणीही सौजन्याने बोलतो.

प्रत्यक्ष भेटीत काही गोष्टी नम्रपणे पण थेट विचाराव्यात: मसुदा मी लिहिला तर तो तपासून कोण देईल, साधारण किती काळाने मला स्वतः अर्जावर बोलता येईल, शनिवारी काम असते का, परीक्षेसाठी किंवा आजारपणासाठी रजा कशी मिळेल. मसुद्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या ठिकाणी आपला कागद लाल शाईने दुरुस्त होऊन परत येतो आणि दुरुस्तीचे कारण सांगितले जाते, ते ठिकाण पगार थोडा कमी असला तरी धरून ठेवण्यासारखे आहे.

उशिरापर्यंत बसावे लागते. हे सहन करायचे की सोडायचे?

कष्ट या व्यवसायात आहेतच. दुसऱ्या दिवशी अंतिम सुनावणी असेल तर रात्री जागावे लागते आणि त्या जागरणात शिकायलाही मिळते. प्रश्न तासांचा कमी आणि त्या तासांत काय घडते याचा अधिक आहे. सिनियर येईपर्यंत नुसते थांबणे, घरगुती कामे करणे, तेच तेच छापील अर्ज महिनोन्‌महिने भरणे, यांतून वर्ष गेले तरी हाताला काही लागत नाही. सहा महिन्यांनी आपण काय नवीन करू शकतो ते कागदावर लिहून पाहावे. यादी वाढत नसेल तर सिनियरांशी बोलावे. बोलूनही बदल झाला नाही तर जागा बदलावी. झोप, भूक किंवा मन सतत बिघडलेले असेल तर सहा महिन्यांचीही वाट पाहू नये.

अपमानास्पद वागणूक किंवा लैंगिक छळ झाला तर दाद कुठे मागावी?

दहा किंवा अधिक लोक काम करत असलेल्या फर्ममध्ये आणि कंपनीत, कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती आहे का आणि तिचे सदस्य कोण, हे रुजू होतानाच विचारण्यात काहीही वावगे नाही. त्याहून लहान कार्यालयासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. वकिलांच्या बाबतीत मात्र एक गंभीर पोकळी आहे. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरवले की विधिज्ञ परिषद आणि वकील यांच्यात मालक व कर्मचारी असे नाते नसल्याने, वकिलांच्या परस्परांविरुद्धच्या तक्रारींसाठी परिषदेला या कायद्याखाली समिती नेमण्याचे बंधन नाही. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करण्याचा मार्ग त्यांना आहे. शिवाय फौजदारी तक्रारीचा मार्ग खुला असतोच. संदेश, तारखा आणि साक्षीदार यांची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी, आणि एकट्याने सोसत न राहता विश्वासातील एखाद्या ज्येष्ठ महिला वकिलांशी लवकर बोलावे.

सिनियर बदलला तर नाव खराब होते का?

नीट निघाल्यास होत नाही. हातातील प्रकरणांची यादी, पुढच्या तारखा आणि अपुरी कामे लिहून द्यावीत, कोणतीही फाइल किंवा पक्षकार परस्पर बरोबर नेऊ नये आणि बाररूममध्ये जुन्या कार्यालयाबद्दल बोलू नये. बार लहान असतो. पुढच्या आठवड्यात त्याच सिनियरांसमोर उभे राहायचे असते.

मुंबई-पुण्यातच राहावे की आपल्या जिल्ह्यात परतावे?

जिल्ह्याच्या बाजूने आता एक नवे कारण आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील प्रकरणे तिथे चालतात. या सहा जिल्ह्यांतील नव्या वकिलाला अपील आणि रिटचे काम शिकण्यासाठी मुंबईत खोली घेण्याची आता गरज राहिली नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातील पर्वरी ही केंद्रे आधीपासून आहेतच. महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मुख्यतः मराठीत चालते, आणि साक्षीदाराच्या बोलीतील बारकावा ओळखणारा वकील तिथे पुढे जातो. व्यापारी कायदा, भांडवल बाजार किंवा नौकानयन यांत रस असेल तर मात्र मुंबईला पर्याय नाही.

घरी लवकर उत्पन्न द्यायचे आहे. वकिली सोडून द्यावी लागेल का?

नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत २०२२ पासून सुरू झालेल्या, आरोपींना मोफत वकील पुरवणाऱ्या बचाव सल्लागार योजनेत सहायक पदावर अगदी नव्या वकिलांनाही दरमहा मानधनावर घेतले जाते. खाजगी प्रकरणे घेता येत नाहीत, पण सत्र न्यायालयातील फौजदारी कामाचा जो अनुभव तिथे मिळतो, तो खाजगी वकिलीत मिळायला बराच काळ जातो. उच्च न्यायालयातील विधी लिपिकाचे काम हा दुसरा सन्माननीय मार्ग असून तो न्यायाधीशपदाच्या अनुभवातही धरला जातो.

सनद घेताना किती शुल्क द्यावे लागते आणि बार परीक्षा कधी द्यावी?

सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. नोंदणीपासून दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते; न्यायालयातील काम वाढण्याआधी, पहिल्याच संधीला ती दिलेली बरी.